लेकीचं टेनिस आणि दीड हजार डॉलरचा मसाला

टेनिस स्कॉलरशिपवर मुलीला अमेरिकेत कसं पाठवलंत, असं विचारणारे बरेच पालक भेटतात. युटीआर (टेनिसपटूचं रेटिंग) किती लागतो, व्हिडिओ कसा काढायचा, कोचला पहिली ईमेल कधी टाकायची, हे त्यांना हवं असतं. ते सगळं आमच्याकडे फारसं न अडखळता पार पडलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. आमचं घोडं अडलं ते लेक तिथे पोचल्यावर, दुसऱ्या वर्षी, जाहिरातीतून मिळणाऱ्या दीड हजार डॉलरवरून. विद्यापीठाच्या ज्या ऑफिसात अडलं, त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. एनसीएए ही तिकडच्या कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना; तिच्या एलिजिबिलिटी सेंटरवर, म्हणजे खेळायची पात्रता तपासतात तिथे, नोंदणी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, परीक्षांचे गुण, सामन्यांचे सलग व्हिडिओ (फक्त विनर मारलेले तुकडे जोडू नका, कोचना पूर्ण गेम बघायचे असतात). मग झूम कॉल, मग ऑफर, मग विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणारा आय-२० फॉर्म आणि मुंबईत बीकेसीला व्हिसाची मुलाखत. २०२४च्या ऑगस्टमध्ये लेक मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटातल्या, विद्यापीठात दाखल झाली. तेव्हा मुलींच्या टेनिसला संघामागे आठ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या आणि मुलांच्या संघाला साडेचार, त्याही वाटून. मुलगी असल्याचा फायदा झाला असं आयुष्यात क्वचित म्हणता येतं. इथे म्हणता आलं.

त्या झूम कॉलमधली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते. आम्ही ज्या कोचशी बोलत होतो, त्यांपैकी एकाने ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं असं सगळं सांगून झाल्यावर सहज जोडलं, "शिवाय आमच्या मुलींना एनआयएलमधून वर्षाला काही हजार डॉलर सुटतात." खेळाडूने आपलं नाव, चेहरा, प्रसिद्धी वापरू देऊन जाहिरातीतून कमवायचं, त्याला तिथे सगळे एनआयएल म्हणतात. १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूला हे करायला बंदी होती. बुटाच्या कंपनीकडून पैसे घेतले तर खेळायचा हक्कच जायचा. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जून २०२१ला, ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण एनसीएएचा धीर सुटला आणि एनआयएलचं दार उघडलं.

भरतीसाठी हा पैसा आमिष म्हणून दाखवायचा नाही, असं कागदावर होतं. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी खटला घातला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने ती बंदी राबवण्यालाच स्थगिती दिली. आमचे कॉल नेमके त्या सुमाराचे. त्यामुळे कोच मंडळी मोकळेपणाने आकडे बोलत होती. माझा नवरा सहकारी बँकेत आहे. त्याने शांतपणे विचारलं, "हे ऑफर लेटरमध्ये येईल का?" कोच हसले. नाही, कारण ते पैसे विद्यापीठ देत नाही, बाहेरचे लोक देतात. मग आम्ही तो आकडा हिशेबातून काढून टाकला आणि स्टॅटिस्टिक्सचा विभाग चांगला होता ते विद्यापीठ निवडलं. हे मी जरा मिरवूनच सांगते, कारण जेडन राशाडा नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूची गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत होती. फ्लोरिडा विद्यापीठासाठी खेळायचे त्याला १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त कबूल झाले होते म्हणे. पैसे आलेच नाहीत, तो दुसरीकडे गेला आणि २०२४ मध्ये त्याने कोर्टात दावा लावला. एवढ्या मोठ्या खेळात असं होत असेल, तर टेनिसच्या पोरींना कोण विचारतो?

आता मूळ दुखणं.

लेकीच्या कॉलेजच्या गावात एका मराठी जोडप्याचं भारतीय किराण्याचं दुकान आहे. लेक काका-काकूच म्हणते त्यांना. २०२५च्या सप्टेंबरमध्ये काकांनी तिला विचारलं, आपल्या दुकानासाठी तीन-चार रील करशील का, एका शनिवारी दुकानात येऊन लोकांबरोबर फोटो काढशील का, आम्ही दीड हजार डॉलर देऊ. संघातल्या अमेरिकन मुली असले करार करतच होत्या. एक जण पिझ्झावाल्यासाठी, एक जण दातांच्या डॉक्टरसाठी. लेकीने आधी अ‍ॅथलेटिक्सच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडू नियम पाळतात का ते बघणाऱ्यांना, विचारलं. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. आमची हरकत नाही, फक्त ६०० डॉलर किंवा त्यावरचा करार असला तर पाच कामकाजी दिवसांत एनआयएल गो या पोर्टलवर नोंदव. आणि खाली एक ओळ: तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस, तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून घे.

त्या एका ओळीने आमची दिवाळी खाल्ली.

एफ-१वर मुलांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही. हे आम्हाला पाठ होतं. प्रश्न एवढाच होता की खोलीत बसून पावभाजी मसाल्याचं पाकीट हातात धरून तीस सेकंद बोलणं हे काम आहे की नाही. हो म्हणा किंवा नाही म्हणा. त्या कार्यालयाने दोन्ही म्हटलं नाही. पहिलं उत्तर आलं: आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही, इमिग्रेशन वकिलाला भेटा. लेकीने प्रश्न बदलून विचारला, रील नको, फक्त तिचा सामन्यातला जुना फोटो दुकानाने वापरला आणि त्याचे पैसे दिले तर? तेच उत्तर, तोच मजकूर, खाली सही वेगळ्या व्यक्तीची. प्रत्यक्ष गेली तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, याबद्दल ईमेल करा.

मग मी उतरले मैदानात. आमच्या संध्याकाळी साडेसहाला त्यांचं ऑफिस उघडायचं. कुकर लावून फोनला बसायचे. पलीकडून पहिलंच वाक्य: विद्यार्थिनी अठरा वर्षांवरची आहे, तिच्या लेखी संमतीशिवाय आम्ही पालकांशी बोलू शकत नाही. फर्पा नावाचा कायदा आहे तिकडे. ठीक. लेकीने संमतीचा फॉर्म भरला. तो पोर्टलवर दिसायला वेळ गेला. मग बोलणं झालं, आणि काय बोलले? इमिग्रेशन वकिलाला भेटा! ताकास तूर लागू द्यायचा नाही, ही कला मला वाटायचं आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाचीच आहे.

मी सीपीटीबद्दलही विचारलं. अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करायची ती परवानगी. त्यावर मात्र लगेच स्पष्ट उत्तर मिळालं: काम अभ्यासक्रमाशी थेट जोडलेलं हवं. स्टॅटिस्टिक्सच्या पदवीत पावभाजी मसाला कुठे बसवणार? इथे मला त्यांचं म्हणणं पटलं, पण म्हणजे "नाही" म्हणता येत होतं की त्यांना!

थोडा न्याय त्यांनाही द्यायला हवा. २०२५च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस या सरकारी यादीतल्या नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या होत्या. कोर्टकज्जे झाले, महिनाअखेरीला त्या परत चालू केल्या, पण तेव्हापासून ही कार्यालयं प्रत्येक वाक्य फुंकून लिहितात. आणि एनआयएल हे एफ-१च्या नियमात नेमकं कुठे बसतं, यावर सरकारने स्वच्छ नियम काढलेला नाही. २०२३ मध्ये ब्लूमेंथाल आणि रिकेट्स या दोन सेनेटरांनी परदेशी खेळाडूंसाठी विधेयक आणलं होतं. ते पुढे सरकलं नाही. हे सगळं मला कळतं. पण "आम्हाला ठाऊक नाही आणि धोका तुमच्या मुलीचा आहे" इतकं सरळ वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं असतं, तर आमचे दोन महिने वाचले असते.

ते वाक्य शेवटी वकिलीणबाईंनी फी घेऊन सांगितलं, आणि ती फी मला मुळीच खुपली नाही. त्यांच्या मते रील करणं, दुकानात उभं राहणं हे सरळ काम. फोटोच्या वापराचे बसल्या जागी पैसे येणं हे कदाचित काम नाही, पण "कदाचित"वर व्हिसा पणाला लावू नका. चुकलं तर दुकानाला काही होत नाही, विद्यापीठाला होत नाही, मुलगी घरी येते. मग त्यांनी ऑस्कर शिब्वेचं उदाहरण दिलं. केंटकीचा बास्केटबॉलपटू, मूळचा काँगोचा, २०२२चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तोही विद्यार्थी व्हिसावर. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाला गेला, तेव्हा त्याने आपलं जाहिरातींचं काम तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर उरकलं. "तुमची मुलगी सुट्टीत घरी येते ना?"

येते ना! डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यातल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाशी करार केला. करार इथे, शूटिंग इथे, रील टाकली तीही इथूनच, परतीच्या विमानाआधी, आणि पैसे रुपयांत इथल्या खात्यात. ४०,००० रुपये. म्हणजे ६०० डॉलरच्या आत, तरी कम्प्लायन्स ऑफिसला कळवलं आणि त्यांची पोच जपून ठेवली. एक लक्षात ठेवा, कॉलेजची जर्सी किंवा लोगो फोटोत येऊ देऊ नका; त्याची परवानगी वेगळी लागते. आम्ही साधा पांढरा टी-शर्ट घातला होता.

आणि किराणा दुकान? काकांनी बिचाऱ्यांनी पुष्कळ थांबून शेवटी लेकीच्याच डबल्सच्या जोडीदारणीला विचारलं. ती ओहायोची. फोनवरून एनआयएल गोवर माहिती भरली, मंजुरी आली, दीड हजार डॉलर मिळाले. पावभाजी मसाला तिने त्याआधी कधी खाल्ला नव्हता. आधी आमच्या लेकीने तिला करून घातला, मग रील झाली. लेक हसत होती सांगताना. मला नाही हसू आलं. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ला एनसीएए एकेरी जिंकली, तेव्हा हा पैसा कुणालाच नव्हता. सगळ्यांना सारखी बंदी होती. आता एकाच कोर्टवर, एकाच जोडीत, एकीला मुभा आणि एकीला नाही.

आता कोणत्या कोचशी बोलत असाल तर त्याला पहिल्या कॉललाच विचारा: तुमच्या परदेशी खेळाडूंना एनआयएलमधून प्रत्यक्ष काही मिळालंय का? मिळालं असेल तर कसं? बहुतेक विषय बदलतात. जो कोच "नाही, व्हिसामुळे जमत नाही" असं सरळ म्हणेल, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

पैशाने भरती कशी बदलली ते मैत्रिणीच्या मुलाच्या वेळी दिसलं. नाशिकचा मुलगा, आमच्या लेकीपेक्षा चांगला खेळतो म्हणेन मी. जून २०२५ मध्ये एनसीएएविरुद्धच्या हाउस नावाच्या खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली. तेव्हापासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, २०२५-२६ला एका विद्यापीठाने सगळ्या खेळाडूंना मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याचा सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला जातो. या व्यवस्थेत शिरलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपची जुनी मर्यादा जाऊन संघाच्या आकाराची आली. टेनिसला जास्तीत जास्त दहा जण. दहाच जागा म्हटल्यावर कोच अठराच्या पोराला घडवत बसण्यापेक्षा ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, बाविशीचा तयार खेळाडू उचलतो. २०२४ पासून खेळाडू हवं तितक्यांदा कॉलेज बदलू शकतात, न थांबता. या मुलाशी एक कोच महिनोन्‌महिने बोलत होते आणि एके दिवशी उत्तरं बंद. त्याला मी सांगितलंय, डिव्हिजन टू आणि आयव्ही लीगकडेही (हार्वर्ड, येल वगैरे) लिही. आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नसते, पण गरजेनुसार मदत मिळते आणि पोराचे गुण चांगले आहेत.

राहिलंच, इथून जाण्याआधी स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसाची रक्कम मोजून घ्या. टेनिसमध्ये प्रवेशापूर्वी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत चालायची आणि त्यावर खटला सुरू झाला, त्यामुळे तुमच्या वर्षीचा नियम तपासा. पूर्ण स्कॉलरशिप म्हणजे हातात सगळं, असंही नाही. राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याचा १४ टक्के कर कापतात, आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक परदेशी मुलांना मिळत नाही. ते १०४०-एनआर या तिकडच्या करविवरणाच्या फॉर्ममध्ये मागावं लागतं, आपोआप येत नाही. पुण्यात केलेल्या कामाचे पैसे त्या फॉर्मवर दाखवायचे नसतात, असं करसल्लागार म्हणाले. ८८४३ हा परदेशी विद्यार्थ्यांचा फॉर्म मात्र एक डॉलर मिळाला नसला तरी भरायचा असतो, आणि त्याचीही आठवण कार्यालयाने स्वतःहून आम्हाला केली नव्हती.