तुम्ही विचारलंत म्हणून: औषधाला ऊन लागलं तर?

मी औषधांच्या तपासणीत काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "गोळ्या खिडकीत राहिल्या, ऊन लागलं. चालतील का?" सोलापुरात मार्च ते जून तर हमखास. पटकन उत्तर द्यायला मी कचरते, कारण 'ऊन' हा शब्दच मला अडचणीत आणतो. आपण उन्हात बसतो आणि ऊन ऊन भातही खातो. प्रकाश आणि उष्णता, दोन्ही एकाच शब्दात. माझं निम्मं काम त्या दोघांची फारकत करण्याचं आहे.

ही फारकत मी शिकले आमच्या गच्चीवर. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं होतं. प्रकाशाचं चेंबर, म्हणजे मोजून प्रकाश देणारी बंद पेटी, मिळेना, आणि एप्रिलचं ऊन तर फुकट. औषधाचं पातळ द्रावण छोट्या काचेच्या बाटल्यांत भरलं. निम्म्या उघड्या, निम्म्या ॲल्युमिनियम फॉईलमध्ये गुंडाळलेल्या. सगळ्या एकाच परातीत पाण्यात उभ्या केल्या, म्हणजे तापल्या तर सारख्याच तापतील. पलीकडे शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. काकू आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "काय वाळवलालीस गं? आन् ह्यांनाच तेवढी टोपरी का?"

टोपरीवाल्या बाटल्या म्हणजे डार्क कंट्रोल. त्यांना उष्णता तेवढीच मिळते, प्रकाश मात्र नाही. उघड्या बाटलीत जेवढं औषध घटलं त्यातून टोपरीतली घट वजा केली की उरतं ते प्रकाशाचं काम. ही जोडी नसेल तर कितीही भारी मशीन असो, आकडा कशाचा आहे तेच कळत नाही.

ठरावीक वेळाने एकेक जोडी उचलायची, अंधारात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची. पडद्यावर एक उंच सुळका येतो, ते आपलं औषध. टोपरीवालीचा सुळका होता तसाच. उघड्या बाटलीचा दर खेपेला ठेंगणा, आणि त्याच्या आजूबाजूला आधी नसलेले बारके उंचवटे. ते मोडलेल्या रेणूचे तुकडे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूची बाजूची कडी, पिपराझिन नावाची, प्रकाशात तुटते, फ्लोरिनही निसटतो. सुळक्याच्या क्षेत्रफळाचा, म्हणजे उरलेल्या औषधाचा, लॉग काढून वेळेसमोर मांडला की पातळ द्रावणात बहुतेकदा सरळ रेष मिळते, आणि तिच्या उतारावरून औषध निम्मं व्हायला किती वेळ लागेल ते निघतं. सगळे त्या रेषेवर खूश होतात. मी आधी उंचवटे बघते. गेलेलं औषध कुठेतरी दिसलं पाहिजे, नाहीतर आपली पद्धत आंधळी आहे असं समजायचं.

आता नोकरीत चेंबर आहे. गच्चीवर ढग येतात, धूळ येते, काकू येतात. चेंबरमध्ये प्रकाशाचा हिशेब ठेवता येतो. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९९६च्या नियमाप्रमाणे औषधाला दृश्य प्रकाश कमीत कमी १२ लाख लक्स-तास (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) द्यायचा आणि अतिनील दर चौरस मीटरला २०० वॉट-तास. भर दुपारचं स्वच्छ ऊन साधारण १ लाख लक्स धरा, म्हणजे तसलं ऊन बारा तास. ५०० लक्सच्या ट्यूबलाइटखाली मात्र तेवढ्याला २४०० तास लागतील. अतिनील नीट मिळाला का हे बघायची एक मान्य रीत मला फार आवडते: क्विनाइनचं द्रावण शेजारी ठेवायचं आणि त्याचा रंग किती गडद झाला ते मोजायचं. मलेरियाचं कडूजहर कोयनेल इथे मोजपट्टी होऊन बसतं.

द्रावण आणि गोळी यांत मात्र मोठा फरक. दांडीवर दुमडून टाकलेली सोलापुरी चादर आठवा: वरची बाजू विटते, घडीच्या आत रंग तसाच असतो. गोळीचंही तेच. प्रकाश तिची कातडी बिघडवतो, आतला भाग वरच्या थराच्या सावलीत राहतो. द्रावणाला अशी सावली नाही, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सलाइनच्या बाटलीवर प्रकाशापासून जपा असं लिहिलेलं असतं. खिडकीच्या काचेवर विसंबू नका. ती अतिनीलातला तिखट भाग अडवते, पण ज्या भागात सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन प्रकाश शोषतात तो बराचसा आत सोडते. तपकिरी काच तो अडवते. मेट्रोनिडाझोल प्रकाशात पिवळं पडतं आणि निदान चुगली तरी करतं. बाकीची सगळी इतकी प्रामाणिक नसतात. आणि लहान मुलांचं पाणी घालून कालवलेलं अमॉक्सिसिलिन सात दिवसांत संपवा किंवा टाका म्हणतात, ते पाण्यामुळे. त्यात प्रकाशाचा दोष फारसा नाही.

मागच्या मे महिन्यात काकूच एक स्ट्रिप घेऊन आल्या. आठवडाभर पश्चिमेच्या खिडकीत पडलेली. उलटून पाहिलं, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम.

"काकू, हिला टोपरं होतं. उजेड आत गेलेलाच नाही."

"मग खाऊ?"

"नको. पाकिटावर ३० अंशांच्या खाली ठेवा लिहिलंय, आणि तुमच्या खिडकीत चाळीसच्या वर गेलं असणार. नवीन आणा."

काकूंनी स्ट्रिप माझ्या हातातून काढून घेतली. "म्हणजे ऊन लागलंच की गं!"