खाडीच्या चिखलातली कॉलनी आणि ९९ टक्क्यांचं नाव

ठाणे खाडीचा चिखल आणायचा, प्लेटवर पसरायचा, एक देखणी कॉलनी (जीवाणूंचा वाढलेला ठिपका) उचलून १६ एस सिक्वेन्सिंगला, म्हणजे ओळखीसाठी जीवाणूच्या एका जनुकाचा क्रम वाचायला, पाठवायची आणि निकालात एखाद्या ज्ञात जीवाणूशी '९९ टक्के' साम्य दिसलं की तेच नाव प्रोजेक्टच्या शीर्षकात. ठाणे-ऐरोलीकडच्या कॉलेजांतल्या मुलांना ही वाट सोयीची वाटते, पण चूक बहुतेक वेळा सिक्वेन्सिंगच्या आधीच झालेली असते.

सुरुवात मीडियापासून, म्हणजे जीवाणू वाढवायच्या खाद्यापासून. साध्या न्यूट्रिअंट अगारवर खाडीतले मीठ लागणारे जीवाणू नीट वाढत नाहीत. पावसाच्या पाण्याबरोबर आलेले मातीतलेच जास्त दिसतात. झोबेल मरीन अगार घ्या, नाहीतर अगारमध्ये २ टक्के मीठ घाला. १ ग्रॅम चिखल ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, मग दहा-दहा पटींनी पातळ करत जायचं. १०⁻³ ते १०⁻⁵ मधून प्रत्येकी ०.१ मिली पसरून ३० अंशांवर ठेवा. पावसाळ्यात ओल्या प्लेटवर कॉलन्या एकमेकींत वाहून जातात, म्हणून प्लेट आधी सुकवा आणि उलट्या ठेवा. चिखल काळा असतो तो आयर्न सल्फाइडमुळे. त्यात राहणारे सल्फेट वापरणारे जीवाणू आणि मिथेन बनवणारे आर्किआ (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव) ऑक्सिजन सोसत नाहीत, त्यामुळे या प्लेटवर ते येणारच नाहीत.

निवडलेली कॉलनी निदान तीनदा स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून एकटी कॉलनी वेगळी काढा. हा कंटाळा केला की पुढचं सगळं वाया.

ग्राम स्टेन जीवाणूंचे दोन गट रंगावरून ओळखतो: पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी. त्यासाठी १८ ते २४ तासांचं कल्चर हवं. जुन्या बॅसिलसच्या भिंती रंग धरत नाहीत आणि ग्राम पॉझिटिव्ह जीव गुलाबी दिसतो. जाड स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या थरात) उलटं होतं: अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही आणि सगळंच जांभळं राहतं. शंका असेल तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घोटा. लूप (टोकाला कडी असलेली तार) उचलताना चिकट धागा सुटला तर बहुधा ग्राम निगेटिव्ह. ऑक्सिडेज या एन्झाइमच्या चाचणीला निक्रोमचा लूप वापरू नका, धातूमुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. लाकडी काडी घ्या. निकाल १० सेकंदांत वाचा. कॅटलेज या एन्झाइमच्या चाचणीसाठी ब्लड अगारवरची कॉलनी नको, रक्तातच कॅटलेज असतं.

आता ते ९९ टक्के. आधी किती बेसवर, म्हणजे डीएनएच्या किती अक्षरांवर? एकाच बाजूने वाचलेल्या ५०० बेसवरचे ९९ टक्के आणि दोन्ही बाजूंनी जुळवलेल्या १४०० बेसवरचे ९९ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंगच्या आलेखात) एकावर एक शिखरं दिसली तर बहुधा कल्चर मिश्र आहे. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायच्या साधनात) सगळा डेटाबेस न शोधता १६ एसचा वेगळा डेटाबेस निवडा, नाहीतर कुणीतरी चुकीचं नाव देऊन टाकलेला सिक्वेन्स वर येतो. तुलना करायची ती टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीच्या नावाचा अधिकृत नमुना असलेल्या स्ट्रेनशी.

साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलात, म्हणजे १४०० बेसमध्ये १८-१९ हून जास्त फरक, तर नवी प्रजाती असण्याची शक्यता. पण वर असणं म्हणजे तीच प्रजाती, असं मुळीच नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६ एसवर वेगळे काढता येत नाहीत. बॅसिलस सेरियसचा गटही तसाच. व्हिब्रिओंमध्येही बऱ्याच प्रजाती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की एकट्या १६ एसवर नाव देणं धाडसाचं. तिथे संपूर्ण जीनोम लागतो: सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्के ही प्रजातीची सीमा, डिजिटल डीएनए हायब्रिडायझेशनमध्ये (दोन जीनोमच्या साम्याच्या संगणकी अंदाजात) ७० टक्के.

नवी प्रजाती अधिकृत व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा करावा लागतो. नावांचंही बघून घ्या: जीवाणूंच्या मोठ्या गटांपैकी २०२१ पासून फर्मिक्यूट्सना बॅसिलोटा आणि प्रोटिओबॅक्टेरियांना स्यूडोमोनॅडोटा म्हणतात, जुन्या नोट्समध्ये ते सापडणार नाही.

जीनोम परवडत नसेल तर अहवालात 'व्हिब्रिओ, प्रजाती अनिश्चित' लिहा. सोबत जवळचा टाइप स्ट्रेन, साम्याची टक्केवारी आणि किती बेस वाचले तेही द्या.