बॅग मारत नाही, जोडीदार मारतो : बारा आठवड्यांची सराव-नोंद

लढाऊ खेळांत एकट्याचा सराव कुठवर पुरतो आणि जोडीदार कुठे लागतो, हे पाहायचं होतं. आखणी अशी : पहिले सहा आठवडे आरसा, ठोसे मारायची टांगलेली बॅग आणि रबरी पट्टा. पुढचे सहा क्लबमध्ये, आठवड्यातून तीनदा. तपासायला तीनच गोष्टी घेतल्या : जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मवाशी गेरी (कराटेतली गोल फिरणारी लाथ) आणि ज्युडोतला ओ गोशी (कमरेवरून फेक). एकट्याचा सराव या तिघांत तीन वेगळ्या जागी तोकडा पडतो, म्हणून ही निवड.

आठवडा १ ते ६ : एकट्यानं

दहा मिनिटं दोरीच्या उड्या, दोन-दोन मिनिटांचे चार राउंड शॅडो (हवेत ठोसे मारणं), तेवढेच बॅगवर, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. शेवटी दहा मिनिटं उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचा सराव.

जॅबमध्ये हात पुढे जाण्यापेक्षा परत येताना चुका जास्त. मूठ ज्या रेषेतून गेली त्याच रेषेतून गालाशी परत यायला हवी. प्रत्यक्षात ती छातीपर्यंत घसरून मग वर येते. आरशात हे दिसत नाही, कारण तेव्हा नजर समोरच्या मुठीवर असते. मोबाइल कमरेच्या उंचीवर, तीनेक मीटर लांब, बाजूनं लावा आणि निम्म्या वेगानं पाहा. हनुवटी वर जात असेल तर तिच्याखाली टेनिसचा चेंडू धरून एक राउंड खेळा. चेंडू पडला की समजलं. हवेत मारताना कोपर पूर्ण ताठ करू नका, थोडं आधी थांबा. नाहीतर दोन-तीन आठवड्यांत कोपराचा सांधा दुखायला लागतो.

बॅग लांब झोके घेत असेल तर तुम्ही तिला ढकलताय. नीट बसलेल्या ठोशानं ती जागच्या जागी हिसका खाते. मनगट मुडपत असेल तर आधी जोर कमी करा, मग हातपट्टी पुन्हा बांधा. साडेचार मीटरची पट्टी मनगटाला तीन-चार वेढे देऊनही पुरते.

मवाशी गेरीत टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. चिकट मॅटवर किंवा रबरी तळाच्या बुटांत पाऊल अडकतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. भिंतीला हात टेकून चार मोजांत करा : गुडघा वर, पाऊल वळवा, पाय सोडा, परत ओढा. प्रत्येक पायाला दहा, अगदी सावकाश. वेगात लपलेला तोल इथे उघडा पडतो. हे काम एकट्यानंच उत्तम होतं. क्लबात इतक्या संथपणे करायला कुणाला धीर नसतो.

ओ गोशीसाठी पट्टा खांबाला बांधून पावलांचं वळण घोटता येतं. पण पट्टा सारखा मागेच ओढत राहतो. माणूस तसा ओढत नाही. त्याचं वजन कधी टाचांवर असतं, कधी बोटांवर. ते बोटांवर आणणं म्हणजेच कुझुशी (तोल मोडणं), आणि पट्ट्याला बोटंच नाहीत.

आठवडा ७ ते १२ : क्लब

पहिलं बिघडतं ते अंतर. बॅग जागेवर असते, त्यामुळे पाय न हलवता मारायची सवय जडलेली असते. समोरचा अर्धं पाऊल मागे गेला की ठोसा वीतभर अलीकडे संपतो. मग शरीर पुढे झुकतं आणि तोल जातो. यावर उपाय म्हणून एक साधा खेळ : एकानं फक्त जॅब, तोही कपाळाला ग्लोव्ह टेकवण्यापुरता, दुसऱ्यानं फक्त मागे-बाजूला सरकायचं. दोन मिनिटांनी अदलाबदल. झुकून लागलेला ठोसा मोजायचा नाही.

दुसरं, श्वास. शॅडोत आठ राउंड सहज जाणारा माणूस स्पारिंगच्या (जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या) दुसऱ्या राउंडला गळतो. दम कमी नसतो. मार येताना श्वास कोंडून खांदे आवळलेले असतात. प्रत्येक ठोशाला नाकातून ऐकू येईल असा श्वास सोडा. डोळे मिटणं असंच. हलक्या ठोशांच्या सवयीनंच ते थांबतं, म्हणून जोर तीस टक्क्यांवर ठेवा. १६ औंसाचे ग्लोव्हज आणि माउथगार्ड हवंच. डोकं गरगरलं तर त्या दिवशी तिथेच थांबा, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा स्पारिंग नाही.

घसरणाऱ्या हाताचं औषध स्वस्त आहे : हात खाली आला की जोडीदारानं त्या गालावर हलकी टपली द्यायची. बॅग सहा आठवड्यांत जे सांगत नाही ते ही टपली एका संध्याकाळी सांगते.

क्लबचाही एक रोग आहे, तो म्हणजे अति सज्जन जोडीदार. तो स्वतःच उडी मारून पडतो आणि फेकणाऱ्याची कंबर त्याच्या कमरपट्ट्याच्या वर राहिली तरी फेक ‘लागते’. कानो जिगोरो यांनी १८८२ साली एइशोजी मंदिरातल्या बारा चटयांवर कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. त्या परंपरेत काताइतकंच (आधी ठरलेल्या हालचालींइतकंच) रांदोरीलाही (मोकळ्या झुंजीलाही) स्थान आहे, ते याचसाठी. तपासणी सोपी : उचिकोमीत (न फेकता फेकीचा प्रवेश पुन्हा पुन्हा घोटताना) कंबर आत घालून थांबा आणि तिसऱ्याला जोडीदाराच्या टाचा पाहायला सांगा. टाचा मॅटवर असतील तर कुझुशी झालीच नाही. आधी उभा जोडीदार, मग चालता, मग थोडा अडवणारा. अडवणाऱ्यावर दहातल्या दोन लागल्या तरी पुरे.

उकेमी घरी घोटलेली बरी असली, तरी पडायची वेळ आता दुसरा ठरवतो. घाबरून हात मागे टेकला जातो आणि मनगट जातं. हनुवटी छातीशी, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवा खाली. पहिला आठवडा बसक्या स्थितीतूनच पडा.

आठवडा १३ पासून : क्लबचे दिवस तीनच, एकट्याचे दोन, वीस-वीस मिनिटांचे. क्लबात त्या आठवड्यात उघडी पडलेली एकच चूक घरी घ्यायची. सध्या यादीत मवाशीनंतर पाय परत न ओढणं आहे. जोडीदार तो सारखा पकडतोय.