आवडता सिनेमा विचारला तर

‘तुमचा आवडता चित्रपट कोणता?’ या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो, ते नाव आठवत नाही म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो म्हणून. समोर नात्यातले काका असले तर ‘अशी ही बनवाबनवी’ हे उत्तर निर्धोक असते. समोर पुण्याच्या फिल्म क्लबात उठबस असलेला भाचा असला तर तेच नाव ओठांपर्यंत येऊन मागे फिरते आणि त्याच्या जागी एखाद्या इराणी दिग्दर्शकाचे नाव पुढे केले जाते.

आमच्या या भाच्याने एकदा ‘बनवाबनवी’चा विषय निघताच, ‘मूळ चित्रपट पाहिला आहे का?’ असे विचारून बैठक थंड केली. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. १९८८ च्या ‘बनवाबनवी’चे कथाबीज हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, गीते गुलजारांची, संगीत हेमंतकुमारांचे आणि घर मिळावे म्हणून साडी नेसणारे पुरुष तिथेही आहेत. मी तो आवर्जून पाहिला आणि मला तो आवडलाही. परंतु भाच्याशी बोलताना असे जाणवत राहिले की त्याला त्या चित्रपटातला एखादा प्रसंग सांगण्यापेक्षा, तो आपल्याखेरीज कोणी पाहिलेला नाही हे सांगण्यात अधिक रस आहे. हिपस्टर, म्हणजे चारचौघांना आवडते ते टाळून वेगळेपण मिरवणारे, म्हणून ज्यांची थट्टा होते त्यांच्या आवडीबद्दल माझी तक्रार असेल तर ती एवढीच. ज्या दिवशी तो चित्रपट काकांनाही आवडू लागेल, त्या दिवशी भाचा तो सोडून देईल, अशी मला दाट शंका आहे.

कल्ट चित्रपटांचा, म्हणजे मोजक्या पण निष्ठावान प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा पाहून जपलेल्या चित्रपटांचा, उगम पाहिला तर त्यात हा थोड्यांचा अभिमान अगदी सुरुवातीपासून होता. १९७० साली न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात ‘एल टोपो’ मध्यरात्रीच्या खेळांना दाखवला जाऊ लागला आणि जाहिरातीवाचून, केवळ तोंडी शिफारशीवर त्याचा प्रेक्षक जमला. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा चित्रपट १९७५ साली पडला, पण पुढच्या वर्षी मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला जे आयुष्य दिले ते अजून संपलेले नाही. प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून येत, संवादांना मोठ्याने उलट उत्तरे देत आणि पडद्यावर लग्न लागले की तांदूळ उधळत. (अक्षता टाकायला गर्दी करण्याचे सोलापूरकराला काही नवल वाटणार नाही, संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.)

पडद्याशी असा संवाद करण्यासाठी सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागाला मध्यरात्रीची वाट कधी पाहावी लागली नाही. तेलुगू मुलखातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरे जिथे आहेत, जिथे यंत्रमागांचा खडखडाट आणि तेलुगू बोलणे एकत्रच कानावर येते, तिथे आवडत्या नायकाचा नवा चित्रपट लागला की कटआउटला हार चढतात, दुधाचा अभिषेक होतो आणि नायकाच्या पहिल्या दर्शनाला उठणाऱ्या शिट्ट्यांमध्ये त्याचा पहिला संवाद कुणालाच ऐकू येत नाही. तो ऐकू यावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. २०२२ साली ‘आरआरआर’ हा तेलुगू चित्रपट पाहताना अमेरिकन प्रेक्षक पडद्यासमोर जाऊन नाचले, तेव्हा त्या चित्रफिती भाच्याने मला मोठ्या कौतुकाने पाठवल्या. हेच नाचणे त्याने लहानपणी इथल्या चित्रपटगृहाच्या दारात पाहिले असणार, पण तेव्हा त्याला त्यात गोंगाटाखेरीज काही दिसले नसावे. तसाच चित्रपट आणि तसेच वागणे. मधल्या अंतराने मात्र एकाला अडाणी उत्साह ठरवले आणि दुसऱ्याला रसिकता.

याहून मला खटकते ते ‘गुंडा’चे कौतुक. कांती शाह यांचा १९९८ चा हा मिथुनपट इंटरनेटवरच्या सुशिक्षित तरुणांनी उचलून धरला, त्यातले यमक जुळवणारे खलनायक तोंडपाठ केले आणि त्यावर मनमुराद हसले. हसण्याला माझा विरोध नाही. ते संवाद ऐकून गंभीर राहणे मलाही जमलेले नाही. पण त्या काळी मिथुनचे असे कमी खर्चाचे चित्रपट ज्या प्रेक्षकांच्या जिवावर लहान गावांत चालत, त्यांनी दिवसभराच्या कामानंतर पैसे मोजून, नायकाचा सूड खरा मानून ते पाहिले होते. त्यांच्या गांभीर्यावर हसणे हा ज्या आवडीचा पाया आहे, तिला आवड म्हणायला मी तयार नाही. ‘अंदाज अपना अपना’चे तसे नाही. १९९४ साली तिकीटबारीवर आपटलेला तो चित्रपट लोकांनी पुढे घरच्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिला आणि चित्रपटाला जिथे हसवायचे होते तिथेच ते हसले.

माझी स्वतःची आवड विचारलीत तर मी ‘एक डाव भुताचा’चे नाव घेतो. १९८२ च्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर भित्रे शाळामास्तर आहेत, अशोक सराफ भूत आहेत आणि लेखन द. मा. मिरासदारांचे आहे. मिरासदार आमच्या जिल्ह्यातल्या अकलूजचे, हेही या आवडीचे एक कारण असू शकते आणि ते लपवण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. घाबरट माणसाला भुताचाच आधार वाटू लागावा, ही कल्पना मला अजून हसवते आणि अशोक सराफ यांचे भूत इतके घरगुती आहे की ते जेवायला थांबले तरी कुणाची हरकत नसावी.

भाच्याला मी तो मागच्या दिवाळीत दाखवला. त्याला तो आवडला, आणि आता पुण्याच्या क्लबात एका रात्री लावायचा त्याचा बेत आहे. मी त्याला एकच अट घातली आहे: दिवे मालवण्यापूर्वी उभे राहून ‘हा एक कल्ट चित्रपट आहे’ असे त्याने सांगायचे नाही. तसे सांगितले की पहिल्याच प्रसंगापासून सगळे समजूतदारपणे हसू लागतील, आणि मिरासदारांनी जिथे हसवायचे योजले आहे ती जागा येईपर्यंत दमून गेलेले असतील.