मलूल पानं

ताईचं वाक्य परवापासून डोक्यातून जात नाहीये. "रंग छानच गं तुझे, पण सगळीच पानं अशी मलूल का?" एवढं म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

ती गेल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेली सगळी चित्रं सरळ करून पाहिली. खरंच की. अळूनं मान टाकलेली, तेरडा लोळलेला, जास्वंदीचे कोवळे शेंडेसुद्धा खाली. बालगंधर्वच्या कलादालनात मागच्या वेळी एका गृहस्थांनी अभिप्रायवहीत लिहिलं होतं, 'पानापानांत विषाद.' तो कागद मी जपून ठेवलाय. वाटलं होतं, कुणाला तरी दिसलं. आई गेल्यानंतरचं ते सगळं... असो.

आणि काल काय लक्षात यावं, तर माझी गॅलरी पश्चिमेची आहे! सगळं आवरून ब्रश हातात येईतो अडीच वाजतात. नेमकं तेव्हाच ऑक्टोबरचं ऊन कुंड्यांवर. पानांतून पाणी भराभर उडतं, मुळांना तितक्या वेगानं वर चढवता येत नाही; माती ओली असली तरी देठ ढिले पडतात. साडेसहाला तेच अळू पुन्हा ताठ, दुपारी काही झालंच नाही अशा थाटात. मग विषाद नक्की कुणाचा? माझा की पश्चिमेचा?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं काय वेगळं होतं? १८९३मध्ये झिव्हर्नीला जागा घेऊन आधी तळं केलं, मग तीच कमळं रंगवत बसला. पुढे मोतीबिंदूनं त्याचे रंग लालसर-तपकिरी होत गेले, १९२३मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या लालीतही लोक काय काय वाचतात. (बरोबरी करत नाहीये. इथे चार बाय दहात कपडेही वाळतात.)

पण संध्याकाळची ताठ पानंही रोज समोर असतातच की. ती नाही काढावीशी वाटली कधी. हे काही गॅलरीवर ढकलता येणार नाही.

आज मुद्दाम सातला बसले. अळूच्या प्रत्येक पानाच्या टोकाशी एकेक थेंब. दव नव्हे ते, रात्री मुळांनी जास्तीचं ओढलेलं पाणी झाड तिथून सोडतं. दुधाची पिशवी आत घेऊन येईतो त्यातले दोन गळलेसुद्धा. बाकीचे रंगवले. पानं ताठ, हिरवा स्वच्छ, चित्र अगदी नर्सरीच्या कॅटलॉगसारखं.

पुढच्या प्रदर्शनात सगळ्यांत आधी हेच विकलं जाणार.