बोगद्यातून बीकरपर्यंत

अलास्कात फेअरबँक्सच्या उत्तरेला, फॉक्स इथे, टेकडीच्या पोटात एक बोगदा आहे. गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करायला अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तो १९६० च्या दशकात खणला. येडोमाचे, म्हणजे हिमयुगातल्या बर्फाळ गाळाचे, नमुने घ्यायला आम्ही विद्यार्थी तिथे गेलो. आत शिरताच कुबट वास नाकात भरतो. हजारो वर्षं गोठून राहिलेल्या गवतामुळांचा. पायाखाली भुसभुशीत धूळ. भिंतीतला बर्फ पाणी न होताच हवेत उडून जातो आणि माती तेवढी झडते.

करवत लावण्याआधी भिंत ब्रशने झाडायची. मग मातीत केसासारख्या आडव्या बर्फरेघा दिसतात आणि मधूनच बर्फाची पाचर: वर रुंद, खाली निमुळती, अंगावर उभे पट्टे. कडाक्याच्या थंडीत जमीन आकसून तडकते, वसंतात बर्फाचं पाणी भेगेत उतरून गोठतं. पुढच्या हिवाळ्यातली भेग बहुधा तिथेच पडते. पाचर अशी रुंदावते, पण उंच कशी होते? हिमयुगात फेअरबँक्सवर हिमनदी नव्हती. अलास्का पर्वतरांगेतल्या हिमनद्यांनी दळलेली माती टानाना नदीच्या पात्रातून वाऱ्याने उडून इथे साठत होती. जमीन चढत गेली तशी कायम गोठलेल्या थराची पातळीही चढली, आणि तिच्याबरोबर पाचरही.

ठोकळा कापणं जिकिरीचं. मातीने करवतीचे दाते लगेच बोथटतात. तो गोठलेलाच लॅबमध्ये न्यायचा, वजन करायचं, १०५ अंशांवर सुकवायचा, पुन्हा वजन. पाण्याचं प्रमाण कोरड्या मातीच्या वजनाशी काढतात, त्यामुळे आकडा १०० टक्क्यांपुढे गेला तरी दचकायचं नाही. मला पटली ती दुसरी, साधी चाचणी. एक तुकडा बीकरमध्ये नुसता वितळू दिला. गाळ तळाशी बसला आणि वर पाण्याचा चांगला जाड थर उरला. एवढं पाणी मातीच्या छिद्रांत मावूच शकत नाही. गोठताना बर्फाने कणांना दूर सारून स्वतःची जागा केली होती. येडोमा वितळला की जमीन का खचते, हे तिथे उमगलं.

सुकलेली माती पुढे कणमापनाला, म्हणजे कणांचे आकार मोजायला, दिली; माती कशाने आणली ते त्यावरून ताडता येतं. सैबेरियातला येडोमा वाऱ्याने आणला की नद्यांनी, हा वाद जुना आहे. फॉक्सपुरता माझा कौल वाऱ्याला. तरी त्याच बोगद्यात जुन्या प्रवाहांनी कोरलेल्या पोकळ्यांत गोठलेलं पाणीही दिसतं, तेव्हा सगळं श्रेय वाऱ्याला देता येत नाही.