बेरासाठी तीन चकरा

आमचा बाबू सव्वादोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याजवळ चारच शब्द होते: आई, बाबा, भूभू आणि 'न्ना'. तहान लागली की माझं बोट धरून माठापाशी न्यायचा. सासूबाई वेखंड उगाळून चाटवा म्हणायच्या, शेजारच्या काकू म्हणायच्या, "पोट्टे उशिराच बोलतात." त्यात माझे सहा महिने गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. बालरोगतज्ज्ञांनी एकच विचारलं, दोन शब्द जोडतो का, 'बाबा ये', 'पाणी दे' असं? नाही म्हटल्यावर लगेच कानाची तपासणी लिहून दिली. हाक मारली की वळतो, मग कान कशाला, असं मला वाटलं. पण थोडं कमी ऐकू येणारं मूलही हाकेला वळतं, हे त्यांनी समजावलं.

ओएई, म्हणजे कानात छोटं यंत्र लावून करतात ती पहिली तपासणी, पाच मिनिटांत झाली. एका कानाचा निकाल नीट येईना, म्हणून बेरा नावाची पुढची तपासणी सांगितली, आणि तिथेच आम्ही अडकलो.

बेरात कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवून कानात टकटक आवाज सोडतात. आवाज मेंदूकडे पोचतो का, ते यंत्रावर लाटांसारखं उमटतं. मूल हललं की लाटा बिघडतात, म्हणून ते गाढ झोपलेलं लागतं. हे मला कळलं ते रुग्णालयाच्या खिडकीसमोर उभी असताना. तारीख तीन आठवड्यांनी मिळालेली, चिठ्ठीवर फक्त दिवस आणि वेळ, आणि बाबू नागपूरच्या मानेवाड्यापासून ऑटोत मस्त झोप काढून ताजातवाना. खिडकीतून आवाज आला, "काऊन जागा आहे जी हा? रात्री जागवायचं ना. आता पुढची तारीख घ्या."

पुढच्या वेळी रात्री एकपर्यंत खेळवला, पहाटे पाचला उठवला, ऑटोत डोळा लागू नये म्हणून गाणी म्हणत नेला. नंबर येईपर्यंत दोन तास गेले. मे महिना, व्हरांड्यात उकाडा, तो माझ्या खांद्यावर झोपला आणि आत बोलावलं तेव्हा जागा झाला. झोपेचं औषध दिलं, अर्धं थुंकलं, उरलेलं ओकलं. डॉक्टर गेले होते, त्यामुळे पुन्हा डोस द्यायचं कुणी ठरवेना. आणखी अठरा दिवस. त्या दिवशी मी पायरीवर बसून रडले.

तिसऱ्या वेळी मी आदल्या दिवशीच जाऊन सांगितलं, पहिला नंबर द्या, औषध वेळेवर द्या. तंत्रज्ञ ताईंनी ऐकलं. चाळीस मिनिटांत झालं. दोन्ही कान चांगले निघाले! मी बाबूला छातीशी धरून तशीच उभी राहिले.

आणखी एक, आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. औषधाआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, सर्दी असली तर तारीख बदलायची का, हे आधीच विचारा. झोपेचं औषध घरी मनाने कधीच देऊ नका, ते डॉक्टरांसमोरच.

आता आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आहे. मोबाईल बंद केला. काही मागितलं की लगेच हातात देत नाही, थोडं थांबते, शब्दाची वाट पाहते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, म्हणून मुलं गोंधळतात असं लोक म्हणतात, पण थेरपिस्टनी सांगितलं, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधी तिथे विचारा.

तिसऱ्या दिवशी बाकावर काटोलहून आलेली एक आई होती, मूल जागंच. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि परतीचं भाडं वेगळंच. तिच्या चिठ्ठीच्या मागे मी पेनाने सगळं लिहून दिलं: जागवा, तेल नको, उपाशी किती ते विचारा, पहिला नंबर मागा. चार ओळी होत्या. त्या छापून द्यायला त्या खिडकीला काय लागतं?